इदाल्मिसचा मीटर

इदाल्मिसने मोडक्या टेपरेकॉर्डरची काच उचकटली आणि आतला काटा अलगद बाहेर काढला. दुपारचे दोन वाजले होते. वीज होती, पण कधी जाईल याचा नेम नव्हता.

"आता हे काय नवीन?" पलंगावरून एव्हेलिओ मास्तरांनी विचारलं. त्यांच्या नाकातली नळी सिलिंडरला जोडलेली होती. तो संध्याकाळपर्यंत पुरणार होता. हवेतून ऑक्सिजन काढून देणारं त्यांचं यंत्र सकाळीच बंद पडलं होतं, आणि आता टेबलावर उघडं पडलं होतं.

"मीटर करतेय, मास्तर. कपॅसिटर तपासायला."

"तपासायचंय काय त्यात? मोठा गेलाय. आवाजावरूनच कळलं मला."

मोठा कपॅसिटर, म्हणजे वीज साठवून सोडणारा तो भाग, अख्ख्या कामाग्वे शहरात मिळत नव्हता. हवानाहून मागवायचा तर तीन दिवस. साध्या मीटरवर सगळेच कपॅसिटर चांगले दिसत होते; आतून सुकलेला कोणता, ते त्याला कळत नव्हतं.

ती उठली, सिलिंडरचा आकडा पाहून आली, पुन्हा बसली. घाईत सोल्डरिंगच्या तापल्या टोकाने बोट भाजलं. ते तोंडात धरून तिने दुसऱ्या हाताने तार गुंडाळली.

"चाळीस वर्षं मी मीटरशिवाय रेडिओ दुरुस्त केले," मास्तर धापा टाकत म्हणाले. "तुला शिकवलं तेही तसंच."

"अरे, जरा गप्प बस ना!" त्यांची बायको सोराइदा वारा घालत म्हणाली. "बोलण्यातच सगळी हवा संपवशील."

साडेतीनला काटा हलला. इदाल्मिसने आधी मीटर मूल्य ठाऊक असलेल्या एका रेझिस्टरवर पारखला, काटा थांबला तिथे खूण केली. मग मोठ्या कपॅसिटरला टोकं लावली. काटा थेट शेवटाला गेला. म्हणजे चांगला. तिने पुन्हा लावून पाहिलं. तसंच. त्याच्या शेजारच्या बोटाएवढ्या कपॅसिटरवर मात्र काटा जेमतेम थरथरला.

ती तडक आपल्या घरी पळाली. स्वतःच्या टीव्हीचं मागचं झाकण काढलं, तसलाच एक कपॅसिटर उपटून आणला आणि जोडला.

यंत्र घुरघुरलं, अडखळलं, मग एका लयीत चालू लागलं. सोराइदाने नळी सिलिंडरवरून काढून यंत्राला जोडली आणि पंखा मांडीवर ठेवून डोळे पुसले.

बऱ्याच वेळाने मास्तरांनी विचारलं, "कोणता बदललास?"

इदाल्मिसने सोराइदाकडे पाहिलं. "मोठा. तुम्ही म्हणालात तोच."

"मिळाला?"

"मिळाला एकाकडे."

मास्तरांनी मान वळवून टेबलावरच्या मीटरकडे पाहिलं. ओठांचा निळेपणा हळूहळू ओसरत होता.

"पोरी," ते म्हणाले, "त्या मीटरची जोडणी उद्या मला सांग. पण सावकाश. हल्ली डोक्यात लवकर शिरत नाही."