उजव्या खांद्यावरचा पदर

गुरुवारी संध्याकाळी भोपाळच्या आमच्या टाउनशिपमधल्या क्लबबाहेर चपलांचा एवढा ढीग पडायचा, की आत जायचं तर पाय कुठे ठेवायचा हाच प्रश्न. पहिल्या पाळीचे फिटर आणि वेल्डर, हिशेबखात्यातले कारकून, त्यांच्या बायका, अरेरा कॉलनीतून स्कूटरवर आलेले साहेबलोक, सगळे बॅडमिंटनच्या हॉलमध्ये मांडी घालून बसलेले. खिडक्यांना काळे पडदे. समोर नुकताच चुना मारलेली भिंत. ती पांढरीशुभ्रच हवी अशी छायानंद महाराजांची आज्ञा होती. क्लबचे सेक्रेटरी शांतारामजी यांनी सिव्हिल खात्याकडे अर्ज टाकून ती तीन दिवसांत रंगवून घेतली. माझ्या स्वयंपाकघराचं गळकं छत दीड वर्षं अर्जावरच गळत होतं, पण परलोकाचं काम असलं की खाती कशी भराभर हलतात!

"जिसका जो गया है, वो आज आएगा!" छायानंद महाराज हात वर करून सांगायचे. "न नींबू, न नारियल, न मुर्गा. हम विज्ञान वाले संत हैं, भाई!"

प्रत्येकाच्या मांडीवर लाल फडक्यात गुंडाळलेला एक जाड कागद असायचा. हे छायायंत्र. आपल्या मेलेल्या माणसाचा फोटो महाराजांकडे द्यायचा, पंधरा दिवसांनी हे यंत्र मिळायचं. रक्ताच्या नात्याशिवाय कुणाला दाखवायचं नाही अशी ताकीद. फडकं सोडायचं, कागदावरच्या कुंकवाच्या ठिपक्यावर नजर रोखायची, पापणी न हलवता चाळीस वेळा नाव घ्यायचं, आणि "देखो दीवार!" म्हटलं की भिंतीकडे पाहायचं.

मग अख्खा हॉल कण्हल्यासारखा आवाज करायचा.

"आला गं बाई, आला माझा रवींद्र!" आमच्या शेजारच्या सुमित्राकाकू ओरडायच्या. त्यांचा मुलगा दोन वर्षांपूर्वी ट्रकखाली गेला होता.

"जिधर नज़र, उधर आत्मा!" महाराज गरजायचे. आणि खरंच, मान वळवावी तिकडे तो चेहरा सरकायचा. दहा-बारा सेकंदांत विरून जायचा. त्यालाही उत्तर तयार होतं. "यमराज का गेटपास इतना ही है!" कारखान्यातल्या माणसांना गेटपास लगेच कळायचा.

हे एकोणऐंशी सालचं. मी, विलास मोहरील, कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात होतो. देवाधर्माशी माझं भांडण जुनं. नाद एकच, फोटोचा. निवृत्त झालेल्या एका इंजिनियरकडून घेतलेला जर्मन कॅमेरा होता, आणि बाथरूमच्या खिडकीला काळा कागद लावून केलेली माझी डार्करूम. रविवार उजाडला की मी आणि माझी बायको वैजयंती भोपाळ पालथं घालायला निघायचो. चौकातल्या गल्ल्या, ताजुल मसाजिदचे अर्धवट मिनार, मोठ्या तलावाकाठचे पडके महाल, कधी सांची, कधी भोजपूर. दर दोन वर्षांनी कारखान्याची प्रवास-सवलत, एल.टी.सी., मिळाली की जयपूर, लखनौ, हैदराबाद. ती कॅमेऱ्याचा स्टँड आणि जेवणाचा डबा घेऊन मागून यायची. मी म्हणायचो, "त्या कमानीखाली जाऊन उभी राहा, म्हणजे उंची कळेल." ती जाऊन उभी राहायची. अशा शंभर-सव्वाशे कमानींखाली माझी बायको आहे, प्रत्येकीत बोटभर. चेहरा एकाही फोटोत ओळखू येत नाही.

त्या फेब्रुवारीत ती काविळीनं गेली. तिचा जवळून काढलेला फोटो घरात एकच निघाला. सांचीला रोलमध्ये एका फोटोची जागा शिल्लक होती आणि मला रोल लगेच धुवायचा होता, म्हणून डबा उघडणाऱ्या तिच्यावर मी बटण दाबलं होतं. ती वर बघून हसली होती.

तो फोटो आमच्या सुचेतानं महाराजांना दिला.

सुचेता सोळा वर्षांची, अकरावीला, म्हणजे तिकडे तेव्हाचं बोर्डाचं वर्ष. आधी गुरुवारचं जायची. मग यंत्र घरी घेऊन बसायला लागली. शाळेतून आली की खोलीचं दार बंद. डोळे लाल, डोकं दुखतंय, जेवण अर्धं. मी रागावलो की म्हणायची, "आप कुछ मत बोलिए, बाबा." मराठी सोडून हिंदीत बोलली की समजायचं, दार आतून लावलंय. ऑक्टोबरात तिनं जाहीर केलं, "जपाचे एकेचाळीस दिवस झाले की मी महाराजांच्या आश्रमात जाणार. होशंगाबादच्या पुढे, नर्मदेवर. तिथे आईला दहा सेकंदांची अट नाही. ती थांबणार आहे."

"आणि परीक्षा?"

"आई आहे ना तिथे."

एक गुरुवार सोडून पुढच्या गुरुवारी जीप येणार होती. तिची पत्र्याची ट्रंक भरून तयार होती. आई गेली होतीच, आता मुलगीही निघाली होती. इतके दिवस ज्या हॉलच्या दारातूनच मी परत फिरायचो, तिथे मधल्या गुरुवारी आत जाऊन बसलो.

आता खरं सांगतो. सुचेतानं यंत्र माझ्या हातात दिलं. मंद दिव्यात एक काळा चेहरा, पांढरे केस. निगेटिव्ह मी आयुष्यात हजारो पाहिलेल्या. आतून काहीतरी टोचलंही. पण तेवढ्यात जप सुरू झाला आणि मी वैजयंतीचं नाव चाळीस वेळा घेतलं. ती गेल्यापासून ते नाव मी तोंडातून काढलं नव्हतं. मान वर केली, तर समोरच्या भिंतीवर ती होती. माणसाएवढी, उजळ चेहऱ्याची, हसत. माझे हात आपोआप जोडले गेले. बाजूला माझी मुलगी माझ्याकडे बघत होती, आठ महिन्यांत पहिल्यांदा मायेनं.

"दिसली ना, बाबा?"

"दिसली," मी म्हणालो.

बाहेर चपला शोधताना शेजारच्या ब्लॉकमधल्या अलकाभाभी भेटल्या. इंदूरच्या, मनानं साध्या. डोळे पुसत म्हणाल्या, "भाईसाहब, सुचेता बता रही थी, भाभीजी अब हमारे जैसा सीधा पल्ला लेती हैं. दाएँ कंधे पर! ऊपर जाकर सब एक हो जाते हैं ना?"

मी जागच्या जागी थांबलो. अमरावतीची वैजयंती उजव्या खांद्यावर पदर? लग्नात नाही, रोजच्यात नाही, कधीच नाही. पण भाभी खोटं बोलत नव्हत्या. भिंतीवर तो उजव्या खांद्यावरच होता, मी स्वतः पाहिला होता.

घरी जाऊन सांचीची निगेटिव्ह काढली आणि दिव्यासमोर धरली. पदर डाव्या खांद्यावर. तसाच काकूंकडे गेलो.

"काकू, रवींद्रचा भांग कुठल्या बाजूला दिसतो?"

"उजवीकडे."

"आणि असायचा?"

"डावीकडे. मी विचारलं महाराजांना. म्हणाले, तिकडे सगळं उलटंच असतं म्हणून." त्या हसल्या. "उलटा का होईना, दिसतोय ना रे."

मला पुढचं ऐकवेना. सगळी कारागिरी डोळ्यांसमोर आली होती आणि ती इतकी सोपी होती की माझी मलाच लाज वाटली. अंधारात फोटो घ्यायचा, नव्या फोटोच्या कागदावर तोंडाला तोंड लावून पालथा ठेवायचा, वरून क्षणभर दिवा दाखवायचा. कागद धुतला की पांढऱ्याचं काळं, काळ्याचं पांढरं, आणि पालथा ठेवल्यामुळे डाव्याचं उजवं. वर कुंकवाचा ठिपका लावला की झालं छायायंत्र. बाकीचं काम आपला डोळा फुकटात करतो. एकाच जागी टक लावली की कागदाचा पांढरा भाग बघणारा डोळ्याचा तेवढा पडदा थकतो, काळ्या भागापुढचा ताजा राहतो. मग पांढरी भिंत पाहिली की थकलेल्या जागी अंधूक दिसतं आणि ताज्या जागी लख्ख. उलटं चित्र सुलटं होतं. ते डोळ्यातच असतं, म्हणून नजरेबरोबर फिरतं. भिंत लांब असली की मोठं दिसतं. थकवा उतरला की जातं.

त्याच पावली मी मुलीच्या खोलीत जाऊन हे सांगायला हवं होतं. गेलो नाही. मला वाटलं, ती ऐकणार नाही. आणि महाराजांना चारचौघांत उघडं पाडायची मला खुमखुमी आली होती, हेही होतंच. दोन दिवस रजा टाकली आणि बाथरूममध्ये पोस्टकार्डाएवढे साठ कागद धुतले.

गुरुवार आला. जीप बाहेर उभी, सुचेताची ट्रंक तिच्यात. मी मधोमध उठून उभा राहिलो. "महाराज, मलाही सिद्धी मिळाली आहे. पाच मिनिटं द्या." लोक हसले. आधीच्या गुरुवारी हात जोडताना सगळ्यांनी मला पाहिलं होतं, महाराजांनाही वाटलं असेल, हा नवा भक्त. "दिखाइए, दिखाइए!" ते म्हणाले. मी तीस कार्डं ओळीओळीनं वाटली. ठिपक्यावर नजर, चाळीस आकडे.

"देखो दीवार!" मी ओरडलो.

मग कुणीतरी किंचाळलं, "अरे, ये तो शांतारामजी हैं!"

भिंतीवर शांतारामजी. मिशा, टोपी, क्रीडादिनाला मीच काढलेल्या फोटोतल्या पदकासकट. आणि खाली पहिल्या रांगेत, तोंड उघडं टाकून, खुद्द शांतारामजी.

"सेक्रेटरीसाहेब, तुम्ही वारलात कधी?" मी विचारलं. "क्लबला कळवायचं तरी!"

हॉल हसून कोसळला. महाराज सावरले. "ये जीवित आत्मा का प्रकाश है! मूर्ख हँसते हैं!"

"मग दुसरं यंत्र बघा." पुन्हा तीस कार्डं, पुन्हा चाळीस. या वेळी भिंतीवर माझी स्कूटर आली, स्टेपनीसकट. "महाराज, हिचा आत्मा कुठल्या नरकात होता? गॅरेजमध्ये तर नव्हता."

मग मी हॉलचे दिवे लावले आणि फोटोचा कागद, पालथा फोटो, सगळं कसं करतात ते हातात धरून समजावलं. ज्यांच्याकडे यंत्रं होती त्यांना जुने फोटो आठवायला सांगितले. कुणाच्या आजोबांचा खिसा दुसरीकडे गेला होता, कुणाच्या आईची नाकातली चमकी. कागद आणि आठवण ताडून पाहताना लोकांचे चेहरे उतरत गेले. या गडबडीत महाराज मागच्या दारानं जीपकडे गेले. जाताना सुचेताची ट्रंक तेवढी चिखलात उतरवून ठेवली. त्यांना नंतर भोपाळात कुणी पाहिलं नाही.

लोक माझी पाठ थोपटत होते. मी जिंकलो होतो. वळून पाहिलं, तर सुमित्राकाकू तशाच बसून होत्या, यंत्र छातीशी धरून.

"खोटं होतं हे कळलं रे विलास," त्या म्हणाल्या. "तू बरोबर केलंस. पण रोज दुपारी दहा सेकंद तो होता. आता दुपारी मी काय करू, तेवढं सांग."

मी वाटलेली कार्डं गोळा करायला लागलो.

सुचेता घरी निघून गेली होती. ट्रंक उचलून मी घरी आलो. ती तिच्या खोलीत, दार उघडं टाकून बसली होती.

"तुला जाऊ द्यायचं नव्हतं मला," मी म्हणालो.

"मग मला सांगायचं होतं. साठ कार्डं बनवलीत. क्लबच्या सगळ्यांना समजावलंत. मी बाजूच्या खोलीत होते ना, बाबा."

"तू ऐकलं नसतंस."

"तुम्ही बोलला असतात तर!" तिचा आवाज फाटला. "महाराजांनी पहिल्या दिवशी काय विचारलं माहितीये? 'बेटी, माँ कैसी थी?' बस, एवढंच. मी दोन तास बोलले. आठ महिन्यांत या घरात मला कुणी नाही विचारलं ते. तुम्ही तर तिचं नावही नाही घेत. तिथे मला नाव घ्यायला भेटायचं."

मी खाली जमिनीवर बसलो. ती म्हणाली, "सांचीच्या फोटोत तिची साडी कोणत्या रंगाची होती?"

फोटो काळा-पांढरा. उजेड किती होता, कॅमेऱ्याचं भिंग किती उघडलं होतं, मला आजही पाठ आहे. साडीचा रंग मला आठवेना. मी खूप आठवून पाहिलं.

"नाही गं आठवत."

"जांभळी," सुचेता म्हणाली. "हिरवा काठ. निघताना तिनं तुम्हाला विचारलं होतं, चांगली दिसते का म्हणून. तुम्ही म्हणालात, फोटोत काळीच येणार."

मग ती रडली आणि मीही रडलो. पण वेगवेगळे, खोलीच्या दोन टोकांना. ती आश्रमात गेली नाही, परीक्षेला बसली, पास झाली. माझ्याशी नीट बोलायला तिला पुढं दोन वर्षं लागली.

ही हकीकत मी आजवर बऱ्याच सभांतून सांगितली आहे. लोक शांतारामजींपाशी हसतात, टाळ्या वाजवतात, म्हणून मी तिथंच संपवत आलो. ते चुकलं. कुणी मेलेल्याचं दर्शन घडवतो म्हणाला, तर त्याच्या हातातला कागद मागून घ्या, उलटापालटा करून बघा, तुमच्याच डोळ्यांची परीक्षा घ्या, आणि जिवंत माणसाचा फोटो देऊन पाहा. एवढं कुणालाही जमेल, शाळकरी मुलालाही. पण ज्या घरातून माणूस गेलंय त्या घरी आधी तुम्ही जा. बसा, आणि ते माणूस कसं होतं, हे विचारा. महाराजाच्या आधी विचारा.

सुमित्राकाकूंकडे मी त्यानंतर रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत जात असे. रवींद्रला भेंडी आवडायची नाही, झोपेत तो हिशेब बडबडायचा, चप्पल कायम उजवी झिजवायचा. मला सगळं पाठ झालं. वैजयंतीबद्दल मला अजून सुचेताला विचारावं लागतं.