कांद्याच्या पापुद्र्यावरची सुई

स्वरूपाने चौथी सुई कांद्याच्या पापुद्र्यावर टेकवली आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून हळूच दाबली. पापुद्रा खाली गेला, आणखी खाली गेला, पण भोक काही पडेना. जरा जोर लावला तशी एका बाजूने लांब चीर गेली. आधीच्या तिन्ही सुयांनी हेच केलं होतं.

"झालं कल्याण!" ती मास्कमध्येच पुटपुटली.

साडेअकरा वाजले होते. दोन वाजता डॉक्टर वासंती येणार होत्या. त्या कानाच्या सर्जन. आतल्या कानाच्या तोंडाशी एक नाजूक पापुद्रा असतो, तो औषधाला सहजी आत जाऊ देत नाही. त्याला केसाएवढं भोक पाडणारी सुई त्यांना हवी होती. भोक असं हवं, की औषध आत जाईल आणि पापुद्रा काही दिवसांत आपला आपण भरून येईल. तो फाटला, तर माणसाला जे काही ऐकू येत असेल तेही जायचं. चिखलीतल्या या छोट्या कारखान्यात स्वरूपा आठ महिने ती सुई आखत होती. चाकणच्या बाजारातला कांदा सोलून त्याच्या आतल्या पापुद्र्यावर चाचणी घ्यायची युक्तीही तिचीच. डॉक्टरांनी मागच्या खेपेला स्पष्टच सांगितलं होतं, आज सुई जमली तर ठीक, नाहीतर परदेशातून मागवणार. स्वरूपाला मात्र खात्री होती. आखणीत खोट नाही, हे ती कुणालाही ठणकावून सांगायला तयार होती.

मग तिने सुईच भिंगाखाली घेतली. टोक गोल होतं. नुसतं गोल नाही, तर चांगलं वेळ देऊन, मन लावून गोल केलेलं.

तिने ड्रॉइंग ओढलं. तळाशी छापील ओळ होती : सर्व धारदार कडा व टोके मारावीत. एरवी कारखान्यात गाड्यांचे सुटे भाग व्हायचे. त्यांच्या कडा बोथट व्हाव्यात, कुणाचा हात कापू नये म्हणून ही ओळ प्रत्येक ड्रॉइंगवर आपोआप छापली जायची, तशी सुईच्याही ड्रॉइंगवर छापली गेली होती. पण ते काय तिच्या लक्षात आलं नव्हतं? सोमवारी स्वतः मशीनशी उभं राहून तिने चिमाजीमामांना सांगितलं होतं, ही ओळ सोडून द्या, टोक धारदारच हवंय. मामा म्हणाले होते, "व्हय."

ती तरातरा ग्राइंडिंगच्या खोलीत गेली. चिमाजीमामा सुईसाठीची तार चाकाला लावून बसले होते. मूळचे चिखलीचेच, अठ्ठावन्न वर्षांचे, कारखान्यातला सगळ्यात सराईत हात. स्वरूपा त्यांच्या उजव्या खांद्याशी जाऊन उभी राहिली.

"मामा, सोमवारी मी काय सांगितलं होतं?"

"व्हय."

"व्हय काय? टोकं मारून टाकलीत तुम्ही! चारही!"

"व्हय, व्हय."

स्वरूपाचं डोकंच फिरलं. "मग असं करा, उद्यापासून कामावर येऊच नका!"

"व्हय," मामा म्हणाले. समजुतीने मान हलवली आणि तार पुन्हा चाकाला लावली.

स्वरूपा जागच्या जागी उभी राहिली. राग कुठल्या कुठे गेला. तिने हात लांबवून मशीन बंद केलं, वळसा घालून मामांच्या डाव्या बाजूला आली आणि मास्क खाली ओढला.

"मामा, तुम्हाला ऐकू येत नाही?"

मामांनी आधी दाराकडे पाहिलं.

"उजवा गेलाय," ते हळू आवाजात म्हणाले. "डावा मशीन बंद असली की चालतो. बावीस वर्षं पत्रा ठोकायच्या प्रेसवर काढली की, ताई. तोंडं दिसत व्हती तवर समदं कळायचं. ह्या सुईचं काम आलं आन् समद्यांनी तोंडं बांधली."

"मग मला सांगायचं नाही का?"

"बहिऱ्याला मशीनवर कोण बसवील?"

आठ महिने उठताबसता कान कान करणाऱ्या आपल्याला शेजारच्या माणसाला ऐकू येत नाही हे कळू नये! स्वरूपाला सणसणीत लाज वाटली.

"मी कुणाला सांगणार नाही," ती म्हणाली. छापील ओळीवर तिने लाल पेनाने दोन जाड रेघा मारल्या आणि बाजूला टोक मोठं करून काढलं. "हे असं हवंय."

मामांनी कागद डोळ्यांजवळ धरला. "मंग असं आधी दावायचं न्हाई का? सोपं हाय. दोन वाजेस्तोवर एक देतो."

दोनला दहा मिनिटं कमी असताना त्यांनी सुई दिली. डॉक्टर वासंती आल्या, मास्क बांधला, सूक्ष्मदर्शकाशी बसल्या. स्वरूपाने नवा पापुद्रा ताणून लावून दिला. या वेळी सुई टेकली आणि गेली. पापुद्र्यावर उरला तो एक ठिपका, आजूबाजूला चीर नाही की काही नाही. डॉक्टरांनी दुसऱ्यांदा करून पाहिलं. पुन्हा ठिपका.

"वा!" त्या म्हणाल्या आणि मंजुरीच्या कागदावर सही करायला पेन काढलं. "कुणी केली ही?"

स्वरूपाने मागे चाक फिरतं ठेवून दारात उभ्या असलेल्या मामांकडे बोट दाखवलं. डॉक्टर कौतुकाने उठून त्यांच्याजवळ गेल्या. उजव्या बाजूला.

"काय मामा, तुमच्या स्वतःच्या कानात घालू द्याल ही सुई?"

"व्हय," मामा हसून म्हणाले.

आता फक्त सही होऊ दे, एवढंच स्वरूपाच्या मनात आलं. पण डॉक्टरांचं पेन हातातच राहिलं. त्या मामांकडे बघत राहिल्या. जन्मभर कानाचेच रोगी पाहिलेली बाई ती. त्या मामांसमोर आल्या, मास्क हनुवटीखाली घेतला आणि सावकाश तोच प्रश्न पुन्हा विचारला.

मामांचं हसू गेलं. त्यांनी एकदा स्वरूपाकडे पाहिलं, एकदा सुईकडे.

"न्हाई," ते म्हणाले.

स्वरूपा एक पाऊल पुढे आली.

"टोक बेस हाय. पर टोकाखाली चाकाचा ओरखडा राहिलाय. आत जाताना काय न्हाई व्हायचं, भाईर काढताना अडकंल. कांदा सोसतोय, कानाचं काय सांगावं? दोन तासांत एवढंच झालं बगा. उद्या अकराला दुसरी देतो. ती माझ्या कानात बिनघोर घाला."

डॉक्टर परत सूक्ष्मदर्शकाशी गेल्या. सुई फिरवून फिरवून पाहिली. मग भिंग मोठं केलं आणि पुन्हा पाहिली.

"आहे," त्या म्हणाल्या. "मला दिसलाच नव्हता."

त्यांनी सही केली नाही. कागदावर 'उद्या, ११' एवढंच लिहिलं आणि पेनाला टोपण लावलं.

"आणि परदेशातून मागवायचं?" स्वरूपाने चाचरत विचारलं.

"राहू दे. ते लोक आपल्या मालाबद्दल मला आजवर कधी 'नाही' म्हणाले नाहीत." निघताना त्या मामांसमोर पुन्हा थांबल्या. "उद्या सुई बघून झाली की तुमचे कान बघणार आहे. पळून जायचं नाही."

त्या गेल्यावर स्वरूपाने मास्क काढून खिशात कोंबला आणि मामांच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिली. हसावं की रडावं, तिला कळत नव्हतं.

"मामा, आधी चहा घेऊ या का?"

"न्हाई," मामा म्हणाले. "आधी तार द्या."