भिवा का नाही आला

भिवा जाऊन पाच आठवडे झाले आणि मी अजून रडलेले नाही. सून माझ्याकडे गॅसवर ठेवलेल्या दुधाकडे बघावं तशी बघत असते, आत्ता उतू जाईल म्हणून. मी जेवते, टीव्ही बघते, भाजीवाल्याशी भांडते. काही वाटतच नाही त्याला मी तरी काय करू?

भिवा माझा धाकटा भाऊ. लग्न केलं नाही, डोंबिवलीत एकटा राहायचा, झोपेतच गेला. तो माझा वर्गमित्रही होता, कारण मी आठवीत नापास झाले आणि थेट त्याच्या वर्गात जाऊन बसले.

दहावीच्या ग्रुपवर मी काही कळवलं नाही. कळवलं असतं तर दिवसभर हात जोडलेली चित्रं आली असती, आणि संध्याकाळी त्याच लोकांनी आंबावडीचा व्हिडिओ टाकला असता. भिवा स्वतः तीन वर्षांपूर्वी ग्रुप सोडून गेलेला, ‘सूर्य उगवलेला मला दिसतो, रोज कळवू नका’ असं लिहून. त्यामुळे कुणाला पत्ताच नव्हता.

रविवारी आमचं गेट-टुगेदर होतं, वर्तकनगरला, आयरीनच्या सोसायटीच्या हॉलमध्ये. सून म्हणाली, “आई, तुम्ही जाताय?” म्हटलं, “का, सुतक पाच आठवडे असतं का?” तिथे जाणं मला सोपं होतं. आयरीनने नियमच केलाय, आजारपण आणि मरण हे दोन विषय काढायचे नाहीत. काढेल त्याने पुढच्या वेळचा सगळ्यांचा नाश्ता आणायचा. पासष्टीच्या माणसांकडून हे दोन विषय काढून घेतले की उरते फक्त शाळा. कुणी विचारणार नाही, मी सांगणार नाही, कटकट नाही.

नऊ जण आलेले. आयरीनने तळलेले गोड फुगे केले होते. प्रफुल्लने वागळे इस्टेटमधलं वर्कशॉप मुलाच्या हवाली केलंय आणि आता गच्चीत टोमॅटो लावतो. त्या टोमॅटोचे फोटो त्याने इतके दाखवले, की मला वाटलं आता बारशाचं आमंत्रण देतोय. कॉस्मासने शेत दुसऱ्याला कसायला दिलंय आणि या वयात पेटी शिकतोय. मग माझी पाळी आली.

“मुलाला बढती मिळाली,” मी म्हटलं. “आणि गुडघे...”

“गुडघे नाहीत, शालन,” आयरीन म्हणाली.

“आणि भिवा का नाही आला?” प्रफुल्लने विचारलं. “शहाणा अजून रुसलाय काय?”

“त्याचं तुला माहितीये,” मी म्हटलं. खोटं बोलले नाही. फुगा तोडला आणि तोंडात घातला.

मग सगळे भिवावरच घसरले. आमचे गणिताचे मास्तर पाढे विचारायचे आणि चुकलं की वर्गाबाहेर अंगठे धरायला लावायचे.

“तुम्हा भावंडांची जोडी कायम बाहेर,” आयरीन म्हणाली. “शालन चुकली की पाठोपाठ भिवा. सतराचा पाढा तर दोघांनाही कधी आला नाही.”

“त्याला येत होता,” कॉस्मास म्हणाला. “तीसपर्यंत तोंडपाठ होते त्याला. मी विचारलेलं, येड्या, मुद्दाम कशाला चुकतोस? तर म्हणे, ताई एकटी बाहेर उभी राहिली तर रडेल.”

सगळे हसले. मीपण हसले, म्हणजे तोंड हललं. पन्नास वर्षं मी त्याला चिडवत आले होते, की नापास मी झाले, पण मठ्ठ तू आहेस. तो नुसतं ‘हो ताई’ म्हणायचा. मेल्याने एकदाही सांगितलं नाही.

“थांबा, त्यालाच विचारू,” म्हणत प्रफुल्लने फोन काढला.

“नको रे, तो उचलायचा नाही.”

“माझा फोन आहे, उचलेल.” त्याने नंबर लावून फोन कानाला धरला.

माझ्या पर्समध्ये रिंग वाजायला लागली.

भिवाचा फोन मीच ठेवलाय. त्याच्या घरचा गॅस, विजेचा मीटर माझ्या नावावर करायचाय, त्याचे ओटीपी त्यावर येतात. घरात सगळ्यांना मी हेच सांगते. पण रोज न चुकता चार्जिंगला लावते ते काही ओटीपीसाठी नाही.

आयरीनने पर्सकडे बघितलं, मग माझ्याकडे. प्रफुल्ल अजून हसत होता. “वाजतोय, वाजतोय,” तो म्हणाला. मी फोन काढला. भिवाने त्यात प्रफुल्लचं नाव ‘पऱ्या’ म्हणून ठेवलेलं. मी उचलला.

“प्रफुल्ल, शालन बोलतेय,” मी फोनमध्येच म्हटलं. समोर बघून बोलता आलं नसतं. “भिवा गेला रे. पाच आठवडे झाले.”

त्याने फोन ठेवला नाही. टेबलाच्या पलीकडे बसलेला माणूस, फोन कानाला तसाच धरून. “आम्ही इतका वेळ हसतोय,” तो म्हणाला, “आणि तू ऐकून घेतलंस? आम्हाला सांगायचं तरी, शालन.”

त्याचा आवाज मला समोरूनही येत होता आणि कानातही. माझे डोळे वाहायला लागले होते, ते मला गालाला हात लावल्यावर कळलं.

“कसं सांगू?” मी म्हटलं. “सगळीकडे तो मेलाय रे. ही एकच जागा उरली होती, जिथे तो नुसता आला नव्हता.”