कुठल्या जनावराचं कातडं

चौथ्यांदा सांगलीला निघताना, गाडीत बसायच्या आधीच, शिवांजलीने नवऱ्याला सांगून टाकलं की आज सोफा ठरला नाही तर हॉलमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या येतील आणि त्या ती स्वतः आणेल. जयराजने गाडीचं दार उघडलं. मागच्या सीटवर तिचे सासरे केरबा केव्हाच येऊन बसले होते. त्यांना कुणी चला म्हटलं नव्हतं. धोतर झटकून, काठी दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये धरून ते खिडकीबाहेर बघत होते.

आटपाडीत त्यांचं नवं घर बांधून झालं होतं. जयराजचं सेलमला गलाईचं दुकान. जुनं सोनं-चांदी गाळून शुद्ध करून द्यायचं काम. वर्षातून दोनदा तो गावी यायचा. या खेपेला वास्तुशांतीसाठी महिनाभर आला होता आणि त्यातले बारा दिवस सोफ्यात गेले होते. फरशी, रंग, पंखे, देवघराचा संगमरवर, सगळं शिवांजलीने एकटीने ठरवलं होतं, त्यावर कुणी चकार शब्द काढला नव्हता. सोफा मात्र चामड्याचाच हवा, हे जयराजने सेलमहून फोनवरच जाहीर केलं होतं.

पहिल्या खेपेला ते दोघंच गेले. जयराजला पांढरा शुभ्र हवा होता, कोपऱ्यात वळणारा, एल आकाराचा, आणि इतका बुटका की बसलं की गुडघे छातीला लागावेत. शिवांजलीचं म्हणणं साधं होतं. तीन जणांचा एक सोफा, दोन खुर्च्या, आणि धूळ दिसणार नाही असा रंग. आटपाडीचा वारा फाल्गुनापासून बंद खिडक्यांतूनही माती आत आणतो, पांढरं रोज पुसायचं कुणी? जयराज म्हणाला, बाई लावू. ती म्हणाली, बाई म्हणजे मीच. दुकानदारासमोर हे बोलणं झाल्याचं तिला नंतर वाईट वाटलं. 

दुसऱ्या खेपेला केरबा आले. कातड्याचं काहीतरी घेताय असं कानावर आल्यावर ते म्हणाले होते, मंग मला न्या. पन्नास वर्षं त्यांनी मेंढरं राखली होती. वाटेत मेलेल्या मेंढराचं कातडं ते स्वतः सोलायचे, मीठ लावून ठेवायचे आणि व्यापाऱ्याला विकायचे. त्या दिवशी चार दुकानं झाली आणि चारही ठिकाणी त्यांनी एकच केलं. सोफ्याचा आकार, रंग काहीच बघितलं नाही. सरळ गादी उलटी केली, मागची चेन उघडली आणि आत बोटं घातली.

"ह्येच्या मागं कापड हाय," ते म्हणाले. "कातड्याची मागची बाजू लवदार लागती."

विक्रेत्याने सांगितलं की हे नव्या पद्धतीचं लेदर आहे. केरबांनी चेन लावली, गादी होती तशी ठेवली आणि मग ह्येला कापडच म्हणा की, असं म्हणून बाहेर जाऊन उभे राहिले. शिवांजलीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हातारा चुकत असता तर तिला रागावता तरी आलं असतं. पण चौथ्या दुकानात तिनेही हळूच बोट घालून पाहिलं होतं, आणि आत पांढरं विणलेलं कापडच होतं.

तिसऱ्या खेपेला विश्रामबागेतल्या एका दुकानात प्रांजल नावाची मुलगी भेटली. शांत होती, उगाच गोड बोलत नव्हती. तिने दाखवलेला सोफा केरबांनी उघडून पाहिला, दाबून पाहिला, वास घेतला आणि मान डोलावली. अखेर सुटलो, असं शिवांजलीला वाटलं.

"कुठल्या जनावराचं?" केरबांनी विचारलं.

प्रांजलने सोफ्याला लावलेली चिठ्ठी बघितली. चिठ्ठीवर अस्सल चामडं एवढंच लिहिलं होतं. तिने कंपनीला फोन लावला. पलीकडून बराच वेळ हा विभाग, तो विभाग झालं आणि शेवटी कुणीतरी विचारलं की गिऱ्हाइकाला हे कशाला पाहिजे. प्रांजलने फोनवर हात ठेवून तेच केरबांना विचारलं.

ते म्हणाले, "गाईचं असंल तर आमच्या घरात चालत न्हाई. आन कशाचं हाय त्येच ठावं नसंल, तर त्येच्यावर बसायचं कसं?"

जयराज म्हणाला, आबा, आता पुरे. दुकानातली इतर माणसं बघायला लागली होती. शिवांजली पाण्याच्या कूलरपाशी गेली आणि तहान नसताना दोन ग्लास पाणी प्यायली. पण प्रांजलला प्रश्न पटलेला दिसला. दुसरी एक कंपनी कातड्याचे तुकडे जनावराच्या नावासकट पाठवते, ते मी आठ दिवसांत मागवते, असं ती म्हणाली. म्हणून ही चौथी खेप.

टेबलावर वहीच्या पानाएवढे पाच तुकडे मांडून ठेवले होते. त्यांतले तीन गाईचे, ते केरबांनी बाजूला सारले. उरलेले दोन म्हशीचे. एक पांढरा, गुळगुळीत, आरशासारखा. दुसरा गडद तपकिरी, आणि त्यावर बारीक खडे उठल्यासारखे ठिपके, एका बाजूला वाकडी रेघ. केरबांनी बोट ओलं करून दोन्हींवर टेकवलं. पांढऱ्यावर थेंब तसाच उभा राहिला. तपकिरीवर पाणी जिरलं आणि तेवढी जागा काळसर झाली.

प्रांजलने समजावलं. पांढऱ्याचा वरचा थर घासून काढलाय आणि त्यावर रंगाचा जाड लेप दिलाय. तपकिरी जसं होतं तसं ठेवलंय. ते जास्त टिकेल, पण चहा सांडला तर डाग पडेल, हे तिने आधीच सांगून ठेवलं.

"गोचीड लागल्याली जागा हाय ही," केरबा ठिपक्यांवर बोट फिरवत म्हणाले. "आन ही तारंची रेघ. कुपाणात घुसली असंल. ह्ये घ्या."

जयराजने तुकडा हातात घेतला आणि टाकल्यासारखा खाली ठेवला. एवढं सगळं करून डागाळलेला माल घरात आणायचा का, असं त्याचं म्हणणं. नव्या घरात पांढराच येणार. केरबा म्हणाले, रंग फासल्याला नको. जयराज म्हणाला, घर कुणाचं आहे. मग दोघंही तिच्याकडे बघायला लागले.

शिवांजलीच्या डोक्यात ठणका सुरू झाला होता. आवाज न चढवता तिने नवऱ्याला विचारलं, पांढराच का? धूळ, पुसणं, सगळं बाजूला ठेव. पांढराच का, एवढं एकदा सांग.

जयराजने पांढरा तुकडा जवळ ओढला.

"सेलमला शेठच्या दुकानात पांढरा हुता," तो म्हणाला. एरवी तो तिच्याशी शहरी बोलायचा. "तसाच. कोपऱ्यात वळल्याला. गिऱ्हाईक त्येच्यावर बसायचं. मी बारा वर्षं भट्टीवर काम केलं तिथं. सकाळी त्यो पुसायचं काम माझ्याकडं हुतं. बारा वर्षांत मला कुणी बस म्हणलं न्हाई."

लग्नाला सोळा वर्षं झाली होती, आणि हे ती पहिल्यांदा ऐकत होती. प्रांजलने उगाच कागद नीट केले.

केरबांनी विचारलं, "पुसायचास तर मागनं कवा बघितलास का? कातडं हुतं का रेक्झीन?"

जयराज उठला आणि काचेचं दार ढकलून बाहेर गेला.

शिवांजलीला संताप आवरेना. "आवं मामा," ती म्हणाली, "त्यांनी काय सांगितलं, तुमी काय विचारताय?"

केरबांनी तिच्याकडे बघितलं. आपलं काय चुकलं हे त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उमटलं. मग काठी टेकत तेही बाहेर गेले. काचेतून तिला दिसत होतं. जयराज गाडीला टेकून उभा, केरबा त्याच्या शेजारी, दोघंही रस्त्याकडे तोंड करून. केरबा एकदाच काहीतरी बोलले.  या दोन माणसांना तिथेच सोडून एसटीने घरी जावं, असं तिच्या मनात येऊन गेलं.

आत आल्यावर जयराज म्हणाला, तपकिरी चालेल, पण आकार एलच. केरबांनी मान डोलावली. शिवांजलीने मग वेळ घालवला नाही. दुकानातल्या त्या बुटक्या सोफ्यावर तिने सासऱ्यांना बसायला लावलं आणि आता उठा म्हणाली. त्यांना उठता येईना. जयराजने एका हाताला धरलं, तिने दुसऱ्या. तिने लगेच प्रांजलला बैठकीची उंची वाढवून लिहायला सांगितलं, आणि पाय लाकडाचे. जयराजने हरकत घेतली नाही.

सही झाल्यावर प्रांजल म्हणाली, सहा ते सात आठवडे लागतील. वास्तुशांती दहा दिवसांवर होती. शिवांजलीला रडावं की हसावं कळेना. शेवटी मांडववाल्याकडून प्लॅस्टिकच्या खुर्च्याच आल्या, आणि येणारा प्रत्येक पाहुणा सोफा कुठाय म्हणून विचारून गेला.

बाहेर गाडीपाशी आबा काय म्हणाले, हे तिने जयराज सेलमला परत जायच्या आदल्या दिवशी विचारलं. तो बॅग भरत होता. "म्हणाले, शेठचा त्यो कसला का असंना. तुझा खरा असू दे," एवढंच सांगून तो पुन्हा शर्टांच्या घड्या घालायला लागला.

सोफा मार्चअखेर आला. दारातून आत घ्यायला चार माणसं लागली. पहिले आठ दिवस केरबा सकाळी अंघोळ करून त्याच्या टोकावर ताठ बसायचे आणि आल्यागेल्याला म्हशीचं हाय म्हणून सांगायचे. एप्रिलचं ऊन तापलं तसं चामडंही तापायला लागलं, उघडा हात टेकला की चिकटायचा. शिवांजलीने त्यावर सोलापुरी चादर अंथरली. दुपारी ती स्वयंपाकघरातून आली तर चादर घडी घालून बाजूला ठेवलेली. तिने पुन्हा अंथरली. संध्याकाळी पुन्हा घडी. एवढी वणवण करून आणलेलं झाकायचं कशाला, असं केरबांचं म्हणणं.

मे महिन्यात जयराज आठ दिवसांसाठी आला. आल्या दिवशी जेवून तो सोफ्यावर आडवा झाला तो चार वाजेपर्यंत उठला नाही. घोरत होता, एक पाय खाली लोंबत होता. सासरे दारात उभे राहून त्याच्याकडे बघत होते. तिने खुणेनेच विचारलं, त्याच्या अंगाखाली चादर सरकवू का, घामाने चिकटेल. केरबांनी नको म्हणून हात हलवला. तिने चादर तशीच बगलेत धरली, पंखा एकाने वाढवला आणि चहाचं आधण ठेवायला आत गेली.