सर्वांना उत्तर द्या

ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर पूर्वी जुनी वर्तमानपत्रं ठेवायचे. ती एकदाची हलवून तिथे कम्प्युटर मांडले आणि ज्येष्ठ मंडळींना ई-मेल, इंटरनेट शिकवायचं ठरलं. पहिला शिक्षक तरुण होता. तो भराभर बोलायचा, भराभर क्लिक करायचा आणि "सोपं आहे हो" असं म्हणायचा. थोड्याच दिवसांत वर्ग ओस पडला. सोपं आहे म्हटलं आणि आपल्याला ते जमलं नाही, तर माणसानं तोंड कुठं लपवायचं?

मग टायपिस्टबाईंना बोलावलं. बाईंची उभी हयात एका कचेरीत टाइपरायटर बडवण्यात गेली होती. त्यांच्या टेबलावर कम्प्युटर आला तेव्हा केस पिकायला लागले होते, आणि पहिल्या दिवशी त्या कचेरीच्या मोरीत जाऊन चक्क रडल्या होत्या. त्यामुळे माणूस नेमका कुठं अडतो, हे त्यांना कोणी सांगावं लागत नव्हतं. त्यांचा पहिला धडा कम्प्युटर बंद करण्याचा असे.

"दाबा बटण. झाला बंद? आता चालू करा. मेला का? नाही ना? मग बिघडेल बिघडेल म्हणून हात आखडू नका. बिघडलाच तर दुरुस्त करणारे आहेत."

कीबोर्डच्या प्रत्येक बटणावर त्यांनी मराठी अक्षरांचे कागदी तुकडे चिकटवले होते. जोडाक्षरं कशी काढायची ते फळ्यावर कायमचं लिहिलेलं होतं. वर्गात बस चालवून निवृत्त झालेले एक काका होते. सगळे त्यांना ड्रायव्हरकाका म्हणत. ते माऊस दोन्ही हातांनी धरायचे आणि वळवताना स्वतःही त्या बाजूला कलायचे. ई-मेलच्या पत्त्यातल्या त्या गोल चिन्हाला ते "वेटोळं" म्हणत, आणि मग सगळा वर्गच वेटोळं म्हणायला लागला. पासवर्ड कोणाला सांगायचा नसतो, हे बाईंनी बजावलं त्याच दिवशी काकांनी तो एकेक अक्षर मोठ्यानं म्हणत टाइप केला. त्यांच्या बायकोचं लाडाचं नाव अशा रीतीनं सर्वांना कळलं.

एके दिवशी या वर्गात दोन नव्या बाया आल्या. पहिली उंच, हाडापेरानं मोठी. ती खिडकीपाशी अगदी पुढच्या टेबलावर बसली. तिच्या मागोमाग दुसरी आली, ठेंगणी आणि चटपटीत. पहिलीला बघून ती दारातच थबकली, परत फिरायला निघाली, मग काय मनात आलं कोण जाणे, तरातरा जाऊन अगदी मागच्या टेबलावर भिंतीकडे तोंड करून बसली.

नावं लिहून घेताना बाईंच्या लक्षात आलं की दोघींचं आडनाव एकच आहे. "अगंबाई, तुम्ही नात्यातल्या का?"

"घर एकच आहे आमचं," पुढची म्हणाली.

"पत्ता एकच आहे," मागची म्हणाली.

वर्ग सुटल्यावर ड्रायव्हरकाकांनी बाईंना जिन्यात गाठून सगळं सांगितलं. दोघी सख्ख्या जावा. थोरली खालच्या मजल्यावर, धाकटी वरच्या. दोघींचे नवरे गेलेले, मुलं आपापल्या गावी. आणि दोघींमध्ये कित्येक वर्षांचा अबोला. कारण विचाराल तर एवढंसंच. घरी पाहुणे जेवायला आले होते, धाकटीनं भाजी केली होती, आणि थोरली चारचौघांत म्हणाली, "हिला मीठ घालायला शिकवता शिकवता माझे केस पांढरे झाले." पाहुणे हसले. धाकटी ताट ठेवून वर गेली, ती पुन्हा खाली जेवायला आलीच नाही. तेव्हापासून एकमेकींना काही सांगायचं झालं की भांडी आपटायची, दार जोरात लावायचं, किंवा कामवालीला उद्देशून मोठ्यानं बोलायचं. लेकी बोले सुने लागे.

दोघी वर्गाला आल्या होत्या त्या मात्र एकाच माणसासाठी. त्यांची नणंद दूरदेशी एका इस्पितळात परिचारिका होती. इकडे सकाळ तेव्हा तिकडे रात्र, त्यात तिची पाळी आज दिवसाची तर उद्या रात्रीची. फोन कधी जुळायचाच नाही. शेवटी तिनं दोघींनाही वेगवेगळं कळवलं, "ई-मेल शिका. म्हणजे तुम्ही तुमच्या वेळेला लिहा, मी माझ्या वेळेला वाचेन."

दोघी शिकल्या, आणि ईर्षेनं शिकल्या. थोरली एका बोटानं टाइप करी, पण ते बोट दारावरची घंटी दाबावी तसं बटणावर पडे. धाकटी अलगद टाइप करी आणि प्रत्येक अक्षरानंतर मान वर करून काही बिघडलं नाही ना, ते बघे. नणंदेचं पहिलं उत्तर धाकटीला आलं. "बाई, वन्संचा मेल आला हो मला!" ती एवढ्या मोठ्यानं म्हणाली की खालच्या मजल्यावर वाचत बसलेल्यांनीही माना वर केल्या. पुढच्या खेपेला थोरलीनं खाकरून जाहीर केलं, "बाई, मला फोटोसुद्धा आलाय. फोटो उघडायला कुठं दाबायचं?" कुठं दाबायचं हे तिला चांगलं ठाऊक होतं.

बाई गालातल्या गालात हसत आणि दोन टेबलांच्या मधून येरझारा घालत. अशी चुरस असली की शिकवण्याचे कष्ट निम्मे होतात.

मग एक दिवस नणंदेनं एकच मेल दोघींना मिळून पाठवला. तिला मोठी सुट्टी मिळाली होती. तिनं लिहिलं होतं, "मी येतेय. वर उतरू की खाली, ते तुम्ही दोघींनी ठरवा."

थोरलीनं तो वाचला आणि खिडकीबाहेर बघत बसली. धाकटीनं मात्र लगेच लिहायला घेतलं. ती बराच वेळ लिहीत होती. मग तिनं बटण दाबलं, सुस्कारा सोडला आणि चष्मा पुसायला घेतला.

पुढच्या टेबलावर टिंग वाजलं.

थोरली ओठ हलवत वाचणाऱ्यांपैकी होती. "वन्सं, तुम्ही जाऊबाईंकडेच उतरा," ती पुटपुटली. मागच्या टेबलावर धाकटीचा चष्मा पुसणारा हात थांबला. "नाहीतर त्या मनाला लावून घेतील आणि वर्षभर भांडी आपटतील. कडू का... कारलं..." थोरलीचा आवाज बंद झाला. ओठ मात्र हलत राहिले.

धाकटीनं हातानंच बाईंना बोलावलं. तिचा चेहरा उतरला होता. "बाई, गेलेलं परत आणता येतं का?"

"कुठं गेलेलं?"

धाकटीनं डोळ्यांनीच पुढं दाखवलं. बाईंनी वाकून पडद्याकडे पाहिलं. "उत्तर द्या" आणि "सर्वांना उत्तर द्या" ही दोन बटणं शेजारी शेजारी होती.

"नाही हो," बाई हळूच म्हणाल्या. "हे आता गेलं."

धाकटीनं पिशवी उचलली आणि ती वर्गातून निघून गेली.

थोरली जागची हलली नाही. सगळे गेल्यावर ती म्हणाली, "बाई, हे जरा मोठ्या अक्षरात होईल का? आज चष्म्यातून नीट दिसत नाहीये." बाईंनी अक्षरं मोठी केली. न वाचण्याचा त्यांनी प्रयत्न केला, पण एवढी मोठी अक्षरं डोळ्यांत घुसायची राहतात का?

धाकटीनं लिहिलं होतं: "कडू कारलं तुपात तळलं तरी कडूच. पण हल्ली त्यांचा उजवा पाय दुखतो. कोणाला सांगत नाहीत. पंप बंद करायला जाताना भिंतीला धरून चालतात, मला वरून दिसतं. कामवाली सकाळी कपडे गच्चीत वाळत घालून जाते. संध्याकाळी ते मीच काढून, घड्या घालून त्यांच्या दाराशी ठेवते. त्यांना वाटतं कामवालीच ठेवते. वाटू दे. तुम्ही आलात की त्यांना डॉक्टरकडे न्या. माझं नाव सांगू नका."

"म्हणजे तुम्हाला हे माहीतच नव्हतं?" बाईंनी विचारलं.

"न माहीत असायला काय झालं?" थोरली म्हणाली. "कामवालीच्या घड्या म्हणजे नुसते बोळे. बाह्या आत दुमडून घडी घालायची, हे हिला मीच शिकवलंय. नवी नवरी होती तेव्हा. घडी बघितली की हात कळतो."

"मग बोलला का नाहीत कधी?"

"बोलले असते तर तिनं आणणं बंद केलं असतं." थोरलीनं पदर सावरला. "आणि मग मला कळलं असतं कसं, की तिचं माझ्याकडे लक्ष आहे?"

पुढच्या वर्गाला धाकटी आली नाही. थोरली आली आणि आल्या आल्या एका बोटानं बटणांची घंटी वाजवायला बसली. वर्ग संपत आला तरी तिचं बोट थांबेना. शेवटी तिनं बाईंना बोलावलं.

"ते सगळ्यांना जाणारं बटण हेच ना?"

"हो. पण हे नणंदेला आणि जावेला, दोघींना जाईल बरं का."

"जाऊ दे. तिनं चुकून दाबलं, मी मुद्दाम दाबतेय."

मेल असा होता: "वन्सं, तुम्ही वरच उतरा. वर वारा छान येतो. मी जेवायला वर येत जाईन. पाय दुखतो, पण जिन्याला कठडा आहे. कारल्याचं म्हणाल तर ते खोटं नाही. पाहुण्यांसमोर मी तसं बोलायला नको होतं. मीठ मात्र जास्तच होतं."

थोरलीचं बोट बटणावर गेलं आणि थांबलं. "बाई, पुसायचं कुठलं?"

बाईंनी दाखवलं. मागून एकेक अक्षर नाहीसं होत गेलं आणि शेवटचं वाक्य संपूर्ण पुसलं गेलं. मग तिनं मेल पाठवला.

पण धाकटीच्या घरी कम्प्युटर नव्हता, आणि तिचा तो साधा बटणांचा फोन. मेल वाचायचा तर तिला वर्गात यायला हवं होतं, आणि लाजेपायी ती वर्गात येत नव्हती. थोरली दर वर्गाला मान वळवून मागचं रिकामं टेबल बघायची.

"तिनं उघडला की नाही, हे इथून कळतं का?"

"नाही हो."

"मग काय उपयोग तुमच्या इंटरनेटचा!" थोरली वैतागून म्हणाली.

त्यानंतरच्या वर्गाच्या दिवशी ती सकाळीच तयार झाली, कठडा धरला आणि एकेक पायरी चढत वर गेली. मध्ये दम खायला थांबली. वरचं दार ती वाजवणार तेवढ्यात ते उघडलं. कोणाची पावलं आहेत, ते धाकटीला आतूनच कळलं होतं.

"काय झालं?" धाकटी घाबरून म्हणाली.

"काही झालं नाही. तुला मेल आलाय."

"कोणाचा?"

"वाचशील तेव्हा कळेल."

"इथवर आलात, तर सांगा की तोंडानंच."

"तोंडानं सांगायचा असता तर लिहिला कशाला असता? अख्खा वर्ग गेलाय माझा त्यात."

धाकटीला हसू फुटणार होतं, ते तिनं दाबलं. "आत तरी या. पाय..."

"पायाचं नाव काढू नकोस. चल, चपला घाल. वर्गाला उशीर होतोय."

उतरताना थोरलीचा एक हात कठड्यावर होता आणि दुसरा धाकटीच्या खांद्यावर. गल्लीच्या तोंडाशी ड्रायव्हरकाका भेटले. दोघींना एकत्र बघून ते बाजूला सरले आणि मागून गाडी येत असल्यासारखा हात करून त्यांनी वाट मोकळी करून दिली.

वर्गात गेल्यावर मात्र एक पुढं बसली आणि एक मागं. धाकटीनं मेल उघडला. वाचला, पुन्हा वाचला, पदरानं नाक पुसलं आणि ती टाइप करायला लागली. थोड्या वेळानं पुढच्या टेबलावर टिंग वाजलं. थोरलीनं उघडून पाहिलं. तिथं एवढंच होतं: "मीठ त्या दिवशी जास्तच होतं."

थोरली खुर्चीसकट मागं वळली. "अगं, इथंच तर बसलीयेस! तोंडानं सांग की!"

"तोंडानं सांगितलं की भांडण होतं," मागून उत्तर आलं, आणि वर्गात जो हशा पिकला तो खालून ग्रंथपाल वर येईपर्यंत थांबला नाही.

नणंदेचं उत्तर त्यानंतर आलं. "एक म्हणते खाली उतरा, दुसरी म्हणते वर उतरा. म्हणजे मी दोघींनाही नकोच की काय?" यावर उत्तर लिहायला दोघी पहिल्यांदाच एका टेबलावर बसल्या. थोरली सांगत होती, धाकटी टाइप करत होती, आणि प्रत्येक शब्दावर वाद होत होता. बाईंनी शेजारी तिसरी खुर्ची ओढली, पण बसल्या नाहीत. त्या ड्रायव्हरकाकांना नवा पासवर्ड करून द्यायला गेल्या.

नणंद आली. गाडीवाल्यानं तिच्या बॅगा उचलल्या आणि विचारलं, "वर की खाली?" थोरली म्हणाली, "वर." धाकटी म्हणाली, "खाली." तो बिचारा बॅगा घेऊन जिन्याच्या मधल्या वळणावर उभा राहिला आणि शेवटी कंटाळून तिथंच ठेवून निघून गेला. बॅगा मग सुट्टी संपेपर्यंत तिथंच राहिल्या. नणंद झोपायला खाली जाई, जेवायला वर. तिनं थोरलीला डॉक्टरकडेही नेलं. त्यांनी रोज करायचा व्यायाम सांगितला, आणि तो करून घेण्याचं काम धाकटीनं आपणहून अंगावर घेतलं. संध्याकाळी काही काढायचं झालं की नणंद वळणावर बसून बॅग उघडी. मग वरून एक उतरे, खालून एक चढे, आणि तिघीजणी पायऱ्यांवर बसून दिवेलागणीपर्यंत बोलत राहत.