डंख धरणारा चिमटा

मी एक पोलादी चिमटा आहे. भट्टीत तापून, हातोड्याखाली चेचला जाऊन, पाण्यात बुडताना चरचरून ओरडत मी जन्मलो. माझी दोन टोके सुईहून तीक्ष्ण होती.

घड्याळे दुरुस्त करणाऱ्या एका बाईंच्या हाती मी अकरा वर्षे राबलो. केसाएवढी स्प्रिंग उचलताना त्या श्वास रोखून धरीत. एके दिवशी त्यांच्या बोटांतून मी निसटलो. दुसऱ्या दिवशीही निसटलो. पुढे त्यांचे पायही अडखळू लागले. डॉक्टरांनी आजाराचे नाव सांगितले : मल्टिपल स्क्लेरोसिस. शरीराचे पहारेकरीच मज्जातंतूंवरचे आवरण कुरतडतात. हा आजार मुळापासून बरा करणारे औषध नाही, मात्र इंजेक्शनांनी झीज रोखता येते, असे ते म्हणाले.

बाईंचा धाकटा भाऊ मधमाश्या पाळी. माशीच्या विषाने हा आजार हटतो, असे त्याने कुणाकडून तरी ऐकले.

"ताई, दोन विषं एका अंगात नकोत. डॉक्टरांची सुई बंद."

"बरं, वैद्यराज! मेले तर तुझ्या पेटीतच पुर मला."

त्या हसल्या खऱ्या. पण पुन्हा आपल्या पायांवर दुकानात यावे, ही एकच इच्छा त्यांना पोखरत होती. त्यांनी सुई बंद केली.

तेव्हापासून मी मारेकरी झालो. आठवड्यातून तीन सकाळी, दुकानामागच्या खोलीत, भावाच्या हातून मी जिवंत माशी धरून बाईंच्या डाव्या मांडीवर दाबू लागलो. माशी डंख मारी आणि त्या डंखाबरोबर तिची आतडी उपटून येत. मेलेली माशी झटकून मी पुढची उचली. बाई दातांत रुमाल धरून किंचाळत. भाऊ गुडघ्याने त्यांचा पाय दाबून धरी.

"सोड रे, कसाया!"

"आणखी चारच, ताई." हे म्हणताना तो स्वतःच रडत असे.

पाचव्या महिन्यात किंचाळी थांबली. वीस डंख झाले; बाईंची पापणीही लवली नाही. भावाने टाळ्या पिटल्या. "दुखत नाही! भिनलं औषध! जिंकलो आपण, ताई!"

बाईंनी आपल्या मांडीकडे पाहिले. मग म्हणाल्या, "आण तो चिमटा."

त्यांनी मला मुठीत धरले आणि मांडीत खुपसले. उपसून पुन्हा खुपसले. हाडावर आदळून माझे एक टोक वाकले. रक्त गुडघ्यावरून पोटरीपर्यंत ओघळले.

"हेही दुखत नाही. मग हेही औषधच का रे?"

भाऊ पांढराफटक पडला. त्याने माश्यांची पेटी उचलून भिंतीवर आपटली. सुटलेल्या माश्या त्याच्या मानेवर, ओठांवर तुटून पडल्या. त्याने एकही झटकली नाही.

"अरे बाहेर पळ, मूर्खा!" बाई ओरडत होत्या. त्यांना उठता येत नव्हते.

इंजेक्शने पुन्हा सुरू झाली. डाव्या पायातली गेलेली जाण परतली नाही. उजवा अजून शाबूत आहे. भाऊ आता डॉक्टरांना विचारूनच पायांना मालिश करतो. मालिशीने आजार हटत नाही, पण आखडलेले स्नायू सैलावतात, एवढे त्याला ठाऊक आहे.

माझे वाकडे टोक आता कोणत्याच कामाचे नाही. तरी वाचकहो, एक विनवणी करतो : आपल्या माणसाचे कण्हणे थांबले, तर टाळ्या पिटण्याआधी त्याला काय वाटते ते विचारा. त्या सकाळी भावाने ते विचारले नाही.

आता मालिश करताना तो विचारतो, "ताई, इथे कळतं का?"

"नाही रे."

तो हात उचलत नाही. चार बोटे वर सरकतो आणि पुन्हा विचारतो.