कोरियन झबलं

चाळीसगावच्या लग्नात मला माझ्या तान्ह्या ठमीला पाजायला कोठीच्या खोलीत पाठवलं होतं. एका बाजूला कांद्याची पोती, त्यातली खालची दोन सडून पाणी सुटलेली. दुसऱ्या बाजूला उष्ट्या वाट्यांचा ढीग, त्यावर माशा. पदराच्या पिना, ब्लाउजचे हूक हे सगळं एका हातानं सोडवेपर्यंत ठमी रडून काळीनिळी झाली. तेवढ्यात एक आचारी पाण्याचा जग शोधायला आत आला. जग समोरच होता, तरी त्याला सापडायला बराच वेळ लागला. ठमीनं दूध ओढलंच नाही. घरी येईपर्यंत तिचा घसा बसला होता, आणि तिच्या जावळाला, त्या दुधाच्या वासाच्या मऊ जावळाला, सडक्या कांद्याचा वास येत होता. मी दोनदा पुसलं. गेला नाही.

तेव्हाच ठरवलं, धुळ्याला माझ्या भावाच्या, स्वप्नीलच्या साखरपुड्यात मी कुठल्याही खोलीत जाणार नाही. हॉलमध्ये, खुर्चीवर, सगळ्यांत बसून पाजणार. त्यासाठी एका हातानं सुटणारं आणि तरी अंग झाकणारं काहीतरी हवं होतं. पाजायचे म्हणून जे कुर्ते मिळतात त्यांना छातीवर दोन चेन असतात. त्यातली एक ठमीच्या गालाला चावली होती.

माझी नणंद मोहिनी कोरियन मालिकांत बुडालेली. तिनं मोबाइल पुढे केला.

"वहिनी, हे बघ. हानबोक. म्हणजे त्यांचा जुना पोशाख, पण हा आजकालचा, रोज घालायचा. वर आखूड जॅकेट, एकावर एक पडणारे दोन पदर, आणि इथे एकच गाठ. ओढली की सुटली."

मी ते चित्र किती वेळ बघत राहिले. खाली उंच कमरेचा घेरदार स्कर्ट, वर फिकट हिरवं जॅकेट, छातीवर लांब फीत. बाळंतपणानंतर पहिल्यांदाच एखादा कपडा बघून वाटलं, हा माझ्या पोटाकडे बोट दाखवणार नाही.

आमच्या जळगावात असा कपडा एकाच दुकानात होता. 'सोल सहेली'. दारात कागदी चेरीची फुलं, आत एसी, आणि एसीच्या गारव्यात दडपलेला घामाचा आणि अत्तराचा कुबट वास. मालक हितेंद्रभाऊ काउंटरवरून उठले.

"या ताई. कोरियन ना? प्युअर कोरियन. सगळ्यांना बसतं."

"सुती आहे का?"

"त्याच्याहून भारी."

"बाळाला पाजायचंय यात," मोहिनी म्हणाली.

हितेंद्रभाऊंनी नजर एकदम छताकडे नेली. "मग तर फारच बेस्ट. आत घालून बघा. बाळाला पण आतच... म्हणजे इथे कस्टमर असतात ना."

आत म्हणजे पडद्यामागचा कोपरा. जमिनीवर केसांचे गुंतवळ, आरशावर चिकटवून ठेवलेल्या टिकल्या, खुंटीवर कुणाचा तरी विसरलेला ओलसर रुमाल. मी ठमीला कडेवर घेऊनच ते हिरवं जॅकेट अंगात घातलं. गाठ मारली, ओढली, सुटली. खरंच एका हातानं. मला हसू आलं. ठमीही हसली आणि तिनं फितीचं टोक तोंडात घातलं. चोखायला लागली, अगदी मन लावून, डोळे मिटून.

मग मला वास आला. लांबून नाही, माझ्याच काखेतून. माझा नव्हता तो. काखेतलं कापड कडक होतं, मिठाची पांढरी वर्तुळं होती त्यावर. मी पदर उलटा केला. आतून, जिथे ठमीचा गाल टेकला असता, बरोबर तिथे कुणाच्या तरी तोंडाचा रंग थापलेला होता, बिस्किटी, तेलकट, त्यात एक आखूड केस रुतलेला. आणि ठमीच्या तोंडातली फीत मी ओढून काढली तेव्हा तिच्या ओठांवर लाली आली होती. लिपस्टिकची. कुणीतरी त्याच फितीला तोंड पुसलं होतं.

मी बोटाला माझ्या ओढणीचं टोक गुंडाळून तिची जीभ पुसत राहिले. ती किंचाळत होती, मी पुसत होते. पडदा तसाच सरकवून मी बाहेर आले.

"हे कुणी घातलंय आधी?"

"नाही हो ताई. फ्रेश पीस."

"या फितीचा वास घ्या."

हितेंद्रभाऊंनी हात मागे घेतले. "मुली नेतात ना, एखादं रील करतात, बसलं नाही की बदलून देतात. आपली पॉलिसी आहे. नुसतं एकदा अंगाला लावलं म्हणून कुणी जुनं म्हणतं का? धुऊन घ्या."

"तुम्ही धुतलं का?"

"धुतल्यावर नवं कसं विकणार?" ते खरोखरच चकित होऊन म्हणाले.

जॅकेट तिथेच टाकून घरी आल्यावर मी ठमीचं तोंड पुन्हा पुन्हा पुसलं. सासूबाई, लताबाई, ओट्यावर मेथी निवडत होत्या. आयुष्य धुळे तालुक्यात गेलं आणि माझ्या नवऱ्याला, नवीनला, दीपनगरच्या वीज केंद्रात नोकरी लागल्यावर आमच्यासोबत इथे जळगावात, पिंप्राळ्याला आल्या, तरी त्यांची अहिराणी काही सुटली नाही. मोहिनीनं त्यांना ते चित्र दाखवलं.

"हाई ते झबलं शे, व माय!" त्या खळखळून हसल्या. "पोरगीनं झबलं मायले! बंद बी तसाच." लेकीचं झबलं आईला, बंदही तसेच.

हसत हसतच उठल्या आणि पेटीतून एक जुनी साडी काढली. ती मी ओळखली. ठमी जन्मली तेव्हा याच साडीच्या तुकड्याचं झबलं घेऊन त्या दवाखान्यात आल्या होत्या. आमच्याकडे बारा दिवस बाळाला नवं कापड लावत नाहीत, घरातल्या बाईच्या जुन्या लुगड्याचंच झबलं. मला त्या साडीचा मिश्रीचा आणि डांबरगोळ्यांचा वास सहन झाला नव्हता. त्यांची पाठ फिरल्यावर मी ते झबलं काढून विकतचं, पाकिटातलं चढवलं होतं. दुसऱ्या दिवशी ठमीच्या मानेवर पुरळ आलं. त्यांनी विचारलं, मी विषय बदलला.

"तुले वास येस, माले माहीत शे," त्या साडी झटकत म्हणाल्या. "तवा बी माहीत व्हतं."

मला वर बघवेना.

दोन दिवसांत त्यांनी त्या साडीचं तसलंच जॅकेट शिवलं. मोहिनी शेजारी बसून सांगत होती, "आई, डावा पदर वर येतो हं, कोरियात तसंच असतं." लताबाई म्हणाल्या, "ठमीनं बी तसंच शे," म्हणजे ठमीच्या झबल्याचंही तसंच, आणि सुईत दोरा ओवला. साडी तीनदा उकळली, तरी घालून बघितलं तेव्हा डांबरगोळ्याचा वास होताच. मला अजूनही नको वाटत होता. खोटं कशाला सांगू?

धुळ्याला ठमीनं अंगठ्या घालायच्या वेळेसच भोकाड पसरलं. माझा हात गाठीवर गेला. तिसऱ्या रांगेत, पंख्याखाली. एका ओढीत सुटली, वरचा पदर ठमीवर पडला, आणि ती लागली प्यायला.

रूपचंदनाना, स्वप्नीलचे होणारे चुलत सासरे, तोंडातला पानाचा तोबरा सावरत वाकले. "ताई, तिकडे खोली आहे ना. चार लोक बसलेत."

पाय उठायला निघाले होते, खरंच. लताबाईंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि अहिराणी बाजूला ठेवून, पाहुण्यांशी बोलायच्या मराठीत म्हणाल्या,

"नाना, मी पाहिली ती खोली. जेवणाची खरकटी भांडी आहेत तिथे, आणि तुमच्यासारख्यांच्या पिचकाऱ्या. तुम्हीच दोन मिनिटं बसून या. मग सांगा."

नाना काहीतरी बोलायला गेले. तोबऱ्यामुळे बोलता येईना, म्हणून थुंकायला बाहेर गेले.

ठमी प्यायली. पोटभर, सावकाश, कुणाच्याही घाईशिवाय. मग तिनं तोंड सोडलं, डोळे मिटले, आणि बंदाचं टोक ओठांत धरून चोखायला लागली. मिश्री, डांबरगोळे, लताबाईंच्या तीस वर्षांचा घाम. माझं नाक आकसलं. तरी मी ते तिच्या तोंडातून काढलं नाही.